वरदेचे दोन तीर

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी पुलगाव सोडून वर्धा नदीच्या पुलावर येते, तेव्हा चाकांचा आवाज एकाएकी पोकळ होतो आणि थोड्याच वेळात पुन्हा पूर्ववत होतो. तेवढ्या अवधीत एक मुलूख संपून दुसरा लागलेला असतो, ही गोष्ट डब्यातील फार थोड्यांच्या ध्यानी येते. माझ्या लहानपणी आजोळी जाताना माझी आई मात्र या पुलाची वाट पाहत खिडकीशी बसे, पूल आला की पदराच्या गाठीतला पैसा नदीत टाकी, हात जोडी आणि म्हणे, "लागलं बाप्पा वऱ्हाड!" तिच्या त्या उद्गारात माहेरची ओढ होती, हे मला तेव्हाही कळे, पण त्यात कित्येक शतकांचा राजकीय इतिहासही साठलेला होता, हे कळण्यासाठी पुढे पुष्कळ ग्रंथ चाळावे लागले आणि त्याहून अधिक पायपीट करावी लागली.

विदर्भ हे नाव आज अकरा जिल्ह्यांना मिळून आहे, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या मनात ते बहुधा ऊन, संत्री, कापूस आणि अनुशेष या चार शब्दांशी निगडित असते. या शब्दांत खोटे काहीच नाही. परंतु एखाद्या प्रदेशाची ओळख त्याच्या गाऱ्हाण्यावरून करून घेण्याआधी ती त्याच्या नद्यांवरून, मातीवरून आणि बोलीवरून करून घ्यावी, या हेतूने गेल्या दसऱ्यापासून मी वर्धेच्या काठाकाठाने, जमेल तसा, कधी एस.टी.ने तर कधी स्नेह्यांच्या वाहनाने हिंडलो: कौंडिण्यपुरापासून थेट चपराळ्याच्या संगमापर्यंत, आणि मध्येच वाट वाकडी करून वैनगंगेच्या खोऱ्यातल्या झाडीतही.

कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. आज ते अमरावती जिल्ह्यातील एक लहानसे तीर्थक्षेत्र आहे. पण टेकाडाखाली झालेल्या उत्खननाने येथील वस्ती सातवाहनकाळाच्याही मागे नेली आहे, आणि येथून आषाढीला पंढरपुरास जाणारी पालखी ही लेकीच्या सासरी निघालेली माहेरची माणसे आहेत, ही भावना वऱ्हाडात आजही जिवंत आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला मी विचारले, "पलीकडं कोणतं गाव?" तिने गावाचे नाव सांगितले नाही. "थे वर्धेकडचे लोक हायेत," एवढेच म्हणाली. नदीचा पट तो केवढा! हाक मारली तर ऐकू जावी. तरीही पलीकडचे ते पलीकडचेच.

वर्धा म्हणजे प्राचीन वरदा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या दोन चुलतभावांत वाटून दिले जाते, आणि त्या वाटणीची सीमा म्हणून वरदा नदीच नेमली जाते: एकास उत्तर तीर, दुसऱ्यास दक्षिण तीर. नाटककाराने ही सीमा केवळ कल्पनेने आखली असेल असे मला वाटत नाही, कारण पुढे ज्या ज्या सत्तेने या भूमीचे दोन भाग केले, त्या त्या सत्तेची लेखणी बहुधा याच पाण्यावरून फिरली आहे. वाकाटकांच्या दोन शाखा झाल्या. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनात, म्हणजे आजच्या नगरधनला, आणि दुसरी वत्सगुल्मात, म्हणजे वाशीमला. पहिलीत चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने आपल्या अज्ञान पुत्रांच्या वतीने राज्य चालवले. दुसरीच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कित्येक लेणी सजली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूताचा रामगिरी म्हणजे रामटेक हे साधार प्रतिपादले. आणि अलंकारशास्त्र्यांनी काव्याच्या सर्वगुणसंपन्न रीतीला 'वैदर्भी' असे नाव देऊन या प्रदेशाचे नाव राज्ये बुडाल्यावरही टिकेल अशी सोय करून ठेवली.

भाषेच्या नावाने प्रदेश टिकावा, याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण मला दक्षिण फ्रान्समध्ये आढळते. तेथील लांगदॉक या प्रांताचे नावच मुळी 'ओक भाषा' असे आहे. आणि 'ओक' म्हणजे काय, तर त्या लोकांचा होकार! उत्तरेचे फ्रेंच 'ओइल' म्हणत, ज्याचे आजचे रूप 'वी'. इटलीत 'सी' म्हणत. आणि दान्तेने या तीन होकारांवरून तीन भाषा वेगळ्या मानल्या. तुलूजच्या काउंटांचे हे समृद्ध, कवींना आश्रय देणारे राज्य पाखंडी पंथाचे निमित्त करून उत्तरेच्या सरदारांनी १२०९ पासून वीस वर्षे तुडवले. बेझिए शहरात झालेली कत्तल त्यातलीच. १२७१ मध्ये प्रांत फ्रेंच राजाच्या खालशात गेला; १५३९ च्या फर्मानाने दफ्तराची भाषा राजाची फ्रेंच ठरली; १७९० मध्ये राज्यक्रांतीने जुने प्रांत मोडून जिल्हे पाडले, तेव्हा लांगदॉक हे नाव कागदावरूनही गेले. होकार मात्र शेतांत आणि बाजारांत उरला.

आमच्याकडे होकार 'हाव' असा आहे. दान्तेची कसोटी घेऊन कोणी वर्धेवर आला असता, तर त्याला दोन्ही तीरांवर एकच 'हाव' ऐकू आला असता, आणि नदी ही सीमा आहे हे त्याने मान्यच केले नसते. ग्रियर्सननेही आपल्या भाषापाहणीत वऱ्हाडी आणि नागपुरी यांना एकमेकींच्या जवळच बसवले. 'ळ'चा 'य' करून डोळ्याला 'डोया' म्हणणारी, 'का' ऐवजी 'काहून' विचारणारी ही बोली ज्या भूमीची, तिथेच रिद्धपूर आहे: गोविंदप्रभूंचे, महानुभावांचे, मराठीतील आद्य गद्यचरित्र 'लीळाचरित्र' ज्या परिसराने दिले ते. रिद्धपूरच्या गल्ल्यांतून चालताना, जेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे, माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: ज्या बोलीला आपण नाटकांतून गड्याच्या तोंडी घालून हशा मिळवत आलो, ती मराठी गद्याच्या जन्मघराच्या अंगणातली बोली आहे. मला याचा खेद होतो, आणि तो मी लपवीत नाही.

मग दोन तीर वेगळे झाले कशाने? उत्तर दफ्तरांत सापडते.

अठराव्या शतकात वऱ्हाडवर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल होता. एकाच मौज्यातून दोन धन्यांचे कामाविसदार वसुलाला येत. या व्यवस्थेस 'दुअमल' म्हणत, आणि त्यात रयतेचे काय होत असेल हे त्या शब्दातच आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत आणि पुढे पंधरा-सोळा दिवसांनी गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजीला कटक प्रांताबरोबरच वर्धेच्या पश्चिमेचा सारा मुलूख सोडून द्यावा लागला. तो इंग्रजांनी निजामाच्या पदरात टाकला. कालिदासाची सीमा अशी तहनाम्यात उतरली.

पुढील अर्धशतकात इंग्रजांनी दोन्ही तीर घेतले, पण दोन वेगळ्या निमित्तांनी. मे १८५३ मध्ये निजामाच्या डोक्यावर हैदराबाद तैनाती फौजेचे कर्ज चढले म्हणून वऱ्हाड त्याच्याकडून लावून घेतले. आणि ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी निपुत्रिक वारला म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. भोसल्यांच्या वाड्यातले जवाहीर आणि पागेतले हत्ती-घोडे लिलावात निघाले. भोसल्यांची राणी बाकाबाई हिच्या अर्ज-विनंत्या व्यर्थ गेल्या. आश्चर्य हे की, त्याच १८५४ च्या मे महिन्यात दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये मिस्त्राल आणि त्याचे सहकारी असे सात कवी एकत्र जमले आणि आपल्या उपेक्षित मातृबोलीच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांनी 'फेलिब्रीज' मंडळ स्थापले. पन्नास वर्षांनी, १९०४ मध्ये, मिस्त्रालला नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या बोलींना त्यांचा मिस्त्राल अजून मिळावयाचा आहे.

कर्जापोटी घेतलेला प्रांत आणि वारस नाही म्हणून खालसा केलेला प्रांत यांचे बंदोबस्तही निराळे झाले. पश्चिम तीरावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली: सरकारशी प्रत्येक खातेदाराचा थेट संबंध, मध्ये पाटील-कुलकर्णी. पूर्व तीरावर, मध्यप्रांतात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात पूर्वीच्या गावमुखत्यारांना मालकी हक्क देऊन मालगुजारी कायम केली: गावच्या गाव एका घराण्याचे, वाडा त्याचा, पडीत-जंगल त्याचे, तलाव त्याचा. 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क नोंदले जात. सरपण, चराई, वापराचे पाणी यांच्या त्या हक्काला 'निस्तार' म्हणत, आणि गोंदिया-गडचिरोलीकडच्या चावडीत हा शब्द अजून ऐकू येतो. यवतमाळच्या शेतकऱ्याला तो सांगितला तर तो आपल्याकडे प्रश्नार्थक पाहील. एका नदीच्या अंतरावर जमिनीची सारी भाषाच बदलते ती अशी. या प्रदेशाचे इतिहासकार यादव माधव काळे यांनीही 'वऱ्हाडचा इतिहास' आणि 'नागपूर प्रांताचा इतिहास' असे दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. एका ग्रंथात दोन दफ्तरे मावणे शक्यच नव्हते.

परंतु दफ्तराच्याही खाली माती आहे. दख्खनच्या लाव्ह्याचा थर नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी, जिच्यावर नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले, ती त्या काळ्या खडकाच्या शेवटच्या उंचवट्यांपैकी. तेथून पश्चिमेस काळी कसदार जमीन आणि पऱ्हाटी. पूर्वेस कितीतरी पुरातन खडक, मँगनीज, कोळसा, लोखंड, आणि त्यावर कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा नावांच्या जमिनींत धान. माझे नागपूर या सांध्यावर वसले आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ मध्ये बारा लहान वस्त्या जोडून ते वसवले. जो प्रदेश पुढे वऱ्हाडी-नागपुरी म्हणून ओळखला गेला, त्याची राजधानी एका गोंड राजाने घातली आहे, आणि भूगर्भशास्त्रज्ञ ज्या प्राचीन महाखंडाला गोंडवन म्हणतात, त्याचे नावही याच लोकांच्या भूमीवरून गेले आहे. हे आमच्या शाळांतून जितक्या आवर्जून शिकवले जावे, तितके शिकवले जात नाही.

झाडीत गेल्यावर मी सर्वाधिक रमलो ते तलावांपाशी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गावागणिक तलाव आणि बोड्या आहेत. गोंड राजांनी असे वचन दिले होते की, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल; आणि काशीकडून आलेल्या कोहळी लोकांनी ते वचन सार्थ केले, अशी परंपरा सांगते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सभोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात, आणि बांध टिकेना तेव्हा या बहिणींनीच साह्य केले असे मानतात. मी पाळीवरून एका वृद्ध ढीवराबरोबर चाललो. कोठे दोन टेकड्या जवळ येतात ते हेरून मधली फट मातीच्या पाळीने बांधायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचे, जास्तीचे पाणी सलंगीवरून जाऊ द्यायचे, ते खालच्या बांध्यांतून वाहत खालच्या गावच्या तलावात शिरायचे: सारे त्याने हाताने दाखवत समजावले. गाळ, मासे, कमळकंद, काठावरचे गवत, पाणपक्षी, या प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापाशी होता. "आता गाळ वाढला न गवत मेलं," तो म्हणाला, "मंग मासा कुठी अंडं घालन?"

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ती संपणे न्याय्यच होते; मालगुजाराच्या वाड्यावर वेठीला जाणाऱ्या कुळांच्या नातवंडांना त्याविषयी विचारावे. परंतु मालकाबरोबर तलावाचा राखणदारही गेला. तलाव सरकारजमा झाले, दुरुस्तीचा प्रश्न खात्यांच्या फायलींत गेला, पाळी खचल्या, पोटात अतिक्रमणे झाली. हक्क घेताना त्यासोबत चालत आलेली जबाबदारी कोणाच्या शिरावर ठेवायची, याचा विचार कायद्यात व्हावयास हवा होता. तो झाला नाही. अलीकडे ढीवर समाजाच्या सहकारी संस्था आणि काही अभ्यासक मिळून तलावांत स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावीत आहेत. हे काम मला पाटबंधाऱ्याच्या कित्येक मोठ्या योजनांहून मोलाचे वाटते.

पश्चिम तीराचे दुःख निराळ्या जातीचे. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला; १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली; १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली; खामगाव, अमरावती, अकोला येथे जिनांचे भोंगे वाजू लागले. एका पिकाने प्रदेश उभा राहिला आणि त्याच पिकाने तो गुंतला. लांगदॉकचे द्राक्षमळेही असेच. रेल्वेने पॅरिसची बाजारपेठ मिळताच तेथील शेतकऱ्याने धान्य सोडून सर्वत्र द्राक्षे लावली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मद्याचा भाव कोसळला तेव्हा त्याच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. १९०७ मध्ये आर्जेलिए गावच्या मार्सेलें आल्बेर या साध्या द्राक्षउत्पादकाच्या मागे लाखोंचे मोर्चे निघाले; नारबॉनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या; आणि त्या भागातल्याच तरुणांनी भरलेल्या सतराव्या पलटणीने आपल्या माणसांवर बंदूक धरण्याऐवजी बंड केले. आमच्याकडे १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, आणि कालांतराने संपलीही. कर्ज, पाऊस आणि भाव या तिहेरी पेचातून यवतमाळच्या शेतकऱ्याची मान काही सुटली नाही. आजोळच्या गावात ज्या घरी मी बालपणी उन्हाळा काढला, त्याच्या शेजारच्या घराला आज कुलूप आहे. त्याविषयी अधिक लिहिणे माझ्याने होत नाही.

कर्जापोटी गेलेल्या वऱ्हाडवर निजामाचे नाव मात्र कायम राहिले. १९०२ मध्ये कर्झनने सालीना पंचवीस लाख रुपयांवर प्रांत कायमच्या पट्ट्याने घेतला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला, आणि १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या पुत्रास 'वऱ्हाडचा युवराज' हा किताब मिळाला. त्या युवराजाचा, आझम जाहचा, विवाह नोव्हेंबर १९३१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील नीस येथे झाला होता. वधू दुर्रुशेहवार ही तेथे हद्दपारीत राहणारा अखेरचा उस्मानी खलीफा दुसरा अब्दुल मजीद याची कन्या. राज्य गमावलेल्या खलीफाची लेक, जे राज्य प्रत्यक्षात हाती नव्हते त्याच्या नावाची राणी झाली. वऱ्हाडात त्या वेळी कापसाच्या वेचणीचे दिवस असतील, आणि वेचणाऱ्या बायांना आपल्या प्रांताच्या नावाने चाललेल्या या थाटाची वार्ताही नसेल.

नागपूर ही १८६१ पासून मध्यप्रांताची, आणि नंतर मध्यप्रदेशाची राजधानी. १९२३ चे विद्यापीठ, १९३६ चे उच्च न्यायालय, सचिवालय, विधानभवन, सारे येथे होते. १९५३ च्या नागपूर कराराने संयुक्त राज्यात विदर्भाला काही आश्वासने दिली. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानी गेली. करारान्वये विधिमंडळाचे एक अधिवेशन दरसाल येथे भरते. तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर मोर्चे उतरतात, बंगल्यांना रंग लागतो, आणि पंधरवड्यात सारे ओसरते. लांगदॉकच्या माँपेलिए शहरावर हीच वेळ २०१६ मध्ये आली. शेजारच्या प्रांताशी विलीनीकरण होऊन ऑक्सितानी नावाचा नवा विभाग झाला, राजधानी तुलूजला गेली, आणि सांत्वनार्थ प्रादेशिक सभेच्या बैठका माँपेलिएत ठेवण्यात आल्या. एक भेद मात्र आहे: त्या नव्या विभागाने आपले नाव पुन्हा त्याच जुन्या होकारातून, 'ओक'मधून घेतले.

स्वतंत्र राज्य व्हावे की न व्हावे, हा वाद मी येथे उकरीत नाही. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे: ज्याला आपण विदर्भ म्हणतो तो स्वतःशी तरी पुरता परिचित आहे काय? 'नागपुरी' म्हणून जगभर गेलेले संत्रे मुख्यत्वे वरूड-मोर्शीच्या, म्हणजे वर्धेपलीकडच्या वऱ्हाडी बागांतले. आणि वरूडच्या किती बागाइतदारांनी वडशाचे नाटक पाहिले असेल?

मी ते या यात्रेत पाहिले. दिवाळी सरली की झाडीत गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा दंडार, आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाट्यमंडळांची कार्यालये ओळीने आहेत. गावचे लोक येऊन नाटक ठरवतात, विसार देतात, आणि शेतात शामियाना उभा राहतो. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मी पाहिलेले नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू झाले आणि पहाटेपर्यंत चालले. थंडीत घोंगड्या पांघरलेल्या हजारोंच्या त्या समुदायात कोणी पेंगले नाही; माय-लेकीच्या ताटातुटीच्या प्रवेशाला माझ्या शेजारची सारी रांग डोळे पुसत होती, आणि मीही. नाटक संपताच बाया तडक धानकापणीला गेल्या.

तेथून चपराळ्यास गेलो. सातपुड्याच्या मुलताई पठारावरून निघालेली वर्धा आणि शिवनीकडून आलेली वैनगंगा येथे भेटतात. कापसाचे पाणी आणि धानाचे पाणी एक होते आणि त्या प्रवाहाला प्राणहिता हे नाव मिळते. वर्धा येथवर येईतो आणखी एका राज्याची सीमा झालेली असते. पलीकडचा तीर तेलंगणाचा. दुपारी काठाला एक डोंगा लागला होता. पलीकडे नात्यात निघालेल्या दोघी बाया तांदळाची लहानशी थैली सांभाळत त्यात बसल्या. आपसांत मराठी बोलत होत्या, डोंगेवाल्याशी तेलुगू. डोंगा मधोमध गेला तेव्हा त्यातल्या वयस्क बाईने कनवटीचे नाणे काढले, कपाळाला लावले आणि पाण्यात सोडले.